विकासकास दिलेली सवलत कोणाच्या मालकीची?

महानगरपालिकेने आपली जमीन एखाद्या खासगी विकासकास भाडेपट्ट्याने दिली, नियोजन प्राधिकरणाने त्यास वाढीव बांधकामाचा हक्क दिला, अथवा शासनाने दुसऱ्याची जमीन संपादून त्याच्या प्रकल्पासाठी मोकळी करून दिली, म्हणजे आपल्या वस्त्यांतून दोन तऱ्हेचे उद्गार ऐकू येतात. काहीजण म्हणतात, ही उघडउघड लूट आहे, सार्वजनिक संस्थेने खासगी माणसास कपर्दिकही देता कामा नये. दुसरे म्हणतात, बिल्डर आला म्हणजे विकास आला, आता प्रश्न विचारून त्यास पळवून लावू नका. माझ्या मते हे दोन्ही पक्ष कायद्याचे पुस्तक न उघडता बोलत असतात. कायद्याची भूमिका तिसरीच आहे आणि ती समजावून घेतल्यावाचून आपल्या माणसाच्या हाती काही लागणार नाही.

ती भूमिका थोडक्यात अशी : स्थानिक संस्था खासगी प्रकल्पास साहाय्य करू शकते. परंतु ते साहाय्य विकासकाच्या मालकीचे नसते. ते लोकांचे असते आणि विकासक हा केवळ ते लोकांपर्यंत पोहोचविणारा हस्तक असतो. म्हणून अशा प्रत्येक साहाय्यास चार प्रश्न विचारता येतात. देण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? देण्यामागे सार्वजनिक प्रयोजन कोणते? देण्याची पद्धत उघड आणि सर्वांस समान होती काय? आणि दिल्याच्या बदल्यात लोकांस काय मिळाले? या चारांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर ते साहाय्य कायद्याच्या कसोटीस उतरत नाही, मग त्यावर कितीही सह्या आणि शिक्के असोत.

संस्था कायद्याने जन्मलेली

सामान्य नागरिक कायद्याने मना न केलेली कोणतीही गोष्ट करू शकतो. महानगरपालिका, नगरपरिषद अथवा ग्रामपंचायत यांचे तसे नाही. त्या कायद्याने जन्मलेल्या संस्था आहेत. कायद्याने जेवढा अधिकार दिला तेवढाच त्यांस आहे. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि नगरपालिकांस घटनेत स्थान मिळाले. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी अठरा विषय सांगितले आहेत. त्यांत नगररचना आहे, तसेच गलिच्छ वस्त्यांची सुधारणा आणि शहरी दारिद्र्याचे निवारणही आहे. तथापि हे अधिकार प्रत्यक्षात किती द्यावयाचे हे अनुच्छेद २४३-डब्ल्यू प्रमाणे राज्य विधिमंडळ ठरविते. सबब 'नगरपालिकेने ठराव केला' एवढ्याने काम भागत नाही. ठरावामागे कलम कोणते, हे पाहावे लागते. करात सवलत द्यावयाची झाली तरी हेच. कर जसा कायद्यावाचून बसविता येत नाही, तसा तो कोणाच्या मर्जीने माफही करता येत नाही.

जमीन : बाजारभाव आणि उघड दार

साहाय्याचा पहिला मार्ग जमिनीचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याच्या कलम ७९ प्रमाणे पालिकेची मालमत्ता विकावयाची, भाडेपट्ट्याने द्यावयाची अथवा अन्य रीतीने हस्तांतरित करावयाची तर सर्वसाधारण नियम असा की, तिचा मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. यास अपवाद आहेत, परंतु तेही कायद्यातच सांगितलेले आहेत. आयुक्ताच्या अथवा सभागृहाच्या औदार्याने नवे अपवाद निर्माण होत नाहीत.

किंमत पुरेशी आली म्हणजे संपले असेही नाही. १९७९ साली रमणा दयाराम शेट्टी यांच्या खटल्यात मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या ठेक्याचा प्रश्न होता. त्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने एक मोठे तत्त्व सांगितले : सार्वजनिक संस्था ठेके, परवाने, सवलती वाटते तेव्हा ती खासगी मालकाप्रमाणे मनास येईल त्यास देऊ शकत नाही, अनुच्छेद १४ चा समतेचा हुकूम तिला बांधतो. २०११ साली भोपाळजवळील वीस एकर जमीन कोणतीही जाहिरात न देता एका न्यासास दिल्याचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले आणि ते वाटप रद्द झाले. जाहिरातीवाचून, इतरांस संधी न देता, एकाच्या अर्जावर सार्वजनिक जमीन देणे समतेच्या तत्त्वास धरून नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होय.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक वेळी लिलावच केला पाहिजे असे कायदा म्हणत नाही. नैसर्गिक साधनसंपत्तीविषयी राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर २०१२ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिले की, लिलाव हा घटनेने सक्तीचा केलेला एकमेव मार्ग नाही. लोककल्याणाचे सबळ प्रयोजन असल्यास अन्य मार्गही चालतो, परंतु तो मनमानी असता कामा नये. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, बेघरांच्या घरांसाठी कमी दराने जमीन देणे म्हणूनच कायदेशीर होऊ शकते. सवलतीचे समर्थन घेणाऱ्याच्या योग्यतेत नसून तिच्या प्रयोजनात असते, हे ध्यानात ठेवावे. प्रयोजन गेले की समर्थनही जाते.

बांधकामाचा हक्क : डोळ्यांस न दिसणारा पैसा

दुसरा मार्ग जमिनीहून सूक्ष्म आहे. भूखंडावर किती बांधावे याचे प्रमाण ठरलेले असते. त्यास चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक एक असेल तर हजार चौरस मीटर बांधता येते, निर्देशांक तीन केला की तीन हजार. जमीन तीच राहते, मालक तोच राहतो, सरकारी तिजोरीतून एक रुपयाही बाहेर पडत नाही, आणि तरीही कोट्यवधींची संपत्ती निर्माण होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२६ प्रमाणे रस्त्यासाठी अथवा बागेसाठी आरक्षित जमिनीचा मोबदला रोख न देता अशा बांधकामाच्या हक्कात देता येतो. हाच तो हस्तांतरणीय विकास हक्क, ज्यास बाजारात सर्वजण टीडीआर म्हणतात. यात गैर काही नाही. पालिकेजवळ रोकड नसते आणि जमीन लोकांस हवी असते.

परंतु हा पैसा डोळ्यांस दिसत नाही म्हणून त्याची चौकशीही होत नाही. वाढलेल्या मजल्यांचा भार गटारांवर, पाण्यावर, रस्त्यांवर पडतो आणि तो भार सर्व शहर सोसते. याचसाठी विकास आराखड्यात बदल करावयाचा तर त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली नोटीस प्रसिद्ध करावी लागते आणि हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. हा महिना आपल्या वस्त्यांतून बहुधा झोपेत निघून जातो. राजपत्र कोणी वाचीत नाही, नोटीस कोणी आणून दाखवीत नाही, आणि भिंतीवर पत्रे उभे राहिले म्हणजे मोर्चा निघतो.

नियमातील एका शब्दाचे मोल किती असते हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. ज्या गिरण्यांच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारास बंद होते, आणि ज्या अन्यायाचा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात उभा केला होता, त्याच गिरण्यांच्या जमिनीचा हा प्रश्न. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ची योजना स्थूलमानाने अशी होती की, गिरणीची जमीन विकासासाठी खुली झाली तर एक तृतीयांश पालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी आणि उरलेली मालकास. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. ही वाटणी सर्व जमिनीची न राहता केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. पर्यावरणवादी संस्थेने ही दुरुस्ती न्यायालयात नेली. परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शहराच्या वाट्यास यावयाच्या जमिनीचा फार मोठा भाग असा एका दुरुस्तीसरशी गेला. कायदा मोडला गेला नाही, कायदा बदलला गेला. म्हणून मी म्हणतो की, हरकतीच्या महिन्यात जागे राहणे हे न्यायालयात जिंकण्याहून अधिक महत्त्वाचे आहे.

'फुकटचे घर' हा अपशब्द

आता आपल्या माणसाच्या अगदी दारात आलेला विषय घेऊ. महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, १९७१ या कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन डिसेंबर १९९५ मध्ये मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. योजना सर्वांस ठाऊक आहे. विकासक झोपडीधारकांस घरे बांधून देतो आणि बदल्यात त्यास वाढीव चटई क्षेत्र मिळून तो खुल्या बाजारात घरे विकतो. १ जानेवारी २००० पूर्वीच्या पात्र झोपडीधारकास घर विनामूल्य, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यास शुल्क घेऊन. प्रारंभी २२५ चौरस फुटांचे असलेले हे घर आता ३०० चौरस फुटांचे आहे.

या घरास सभ्य समाज 'फुकटचे घर' म्हणतो आणि आपलीही माणसे ओशाळून तोच शब्द उच्चारतात. हिशेब करून पाहू. जमीन शासनाची अथवा पालिकेची असेल तर या योजनेत विकासकाकडून रेडी रेकनरच्या दराच्या २५ टक्के एवढेच अधिमूल्य घेतले जाते. पालिकेच्या जमिनीस बाजारभाव हा सर्वसाधारण नियम आपण वर पाहिला. मग येथे उरलेले ७५ टक्के कशासाठी सोडले? वाढीव चटई क्षेत्र कशासाठी दिले? विकासकाच्या चेहऱ्याकडे पाहून नव्हे. त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाचे पुनर्वसन व्हावे, या एकाच प्रयोजनासाठी. ते प्रयोजन काढून घ्या, म्हणजे ही सवलत देण्यास कायद्याचा कोणताही आधार उरणार नाही. तात्पर्य, झोपडीधारक हा त्या प्रकल्पातील याचक नव्हे. प्रकल्पाची कायदेशीरता त्याच्याच खांद्यावर उभी आहे. फुकट कोणास काही मिळत असेल, तर ते कोणास, याचा विचार वाचकांनीच करावा.

आणि म्हणूनच पुनर्वसन रखडले तर विकासकाचा हक्कही डळमळला पाहिजे. अधिनियमाच्या कलम १३(२) मध्ये काम मुदतीत न करणाऱ्या विकासकास दूर करण्याचा अधिकार आहे. यश डेव्हलपर्स विरुद्ध हरिहर कृपा सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात मुंबईतील अशीच दोन दशके रखडलेली योजना सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ३० जुलै २०२४ च्या निकालात न्यायालयाने विकासकास दूर करण्याचा आदेश कायम ठेवला, आणि या संपूर्ण कायद्याच्या अंमलबजावणीचेच परीक्षण करावे, असे मुंबई उच्च न्यायालयास सुचविले. न्यायालयास असे सांगावे लागते, याचा अर्थ दुखणे एका विकासकाचे नाही.

संमतीचेही तसेच. पूर्वी योजनेस ७० टक्के झोपडीधारकांची संमती लागे, ती ५१ टक्क्यांवर आणण्यात आली. सामील न होणाऱ्यास अधिनियमाच्या कलम ३३ व ३८ खाली हटविता येते. संमतीचे प्रमाण जितके खाली येते, तितके प्रत्येक सहीचे वजन वाढते. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांत असे कितीतरी असतात की, त्यांनी कोऱ्या कागदावर अंगठा दिलेला असतो आणि करारनाम्याची प्रत मागितली तर 'ती कमिटीकडे आहे' असे सांगतात. घराचा नकाशा नाही, मुदत नाही, संक्रमण काळातील भाड्याचा लेखी शब्द नाही. १९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्यावाचून उपजीविका नाही आणि उपजीविकेवाचून जीविताचा हक्क नाही, हे मान्य केले. परंतु जो आपला हक्क कोऱ्या कागदावर देऊन टाकतो, त्यास कोणते न्यायालय किती वाचविणार?

सक्तीचे संपादन : सर्वांत जड हत्यार

तिसरा मार्ग सर्वांत कठोर. एकाची जमीन सक्तीने घेऊन ती दुसऱ्याच्या प्रकल्पास देणे. हे काम बहुधा राज्य शासन करते. स्थानिक संस्था त्याची मागणी करते अथवा आराखडा पुरविते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी स्वतंत्र भाग होता. कानपूर येथील एका कारखान्यासाठी घेतलेल्या जमिनीबाबत आर. एल. अरोरा यांच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कारखान्याचा माल लोकांस उपयोगी आहे एवढे पुरेसे नाही, ज्या बांधकामासाठी जमीन घ्यावयाची ते लोकांस प्रत्यक्ष उपयोगी असले पाहिजे. शासनाने काय केले? १९६२ साली कायदाच दुरुस्त केला, आणि १९६४ साली तो न्यायालयातही टिकला. मग नवा कायदा येण्यास २०१३ साल उजाडले. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याने खासगी कंपनीसाठी बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्क्यांची पूर्वसंमती आवश्यक केली. पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांनी दुरुस्त्या करून काही वर्गांच्या प्रकल्पांस त्यातून सूट दिली आहे.

या टक्केवारीत एक बारकावा दडला आहे आणि तो आपल्या समाजाने विसरता कामा नये. बाधित कुटुंबाची व्याख्या विस्तृत आहे, तीत त्या जमिनीवर राबणारा भूमिहीन मजूरही पुनर्वसनासाठी येतो. परंतु संमती मोजताना जमिनीचे मालक आणि शासनाकडून जमीन मिळालेले एवढेच मुख्यतः मोजले जातात. ज्याची केवळ मजुरी त्या शेतावर आहे, त्याचे मत विचारले जात नाही. खेड्यांतील आपले किती बांधव या शेवटच्या वर्गात मोडतात, हे मी सांगावयास नको.

'विकास' या शब्दाच्या आधारे वस्ती हटविणे ही केवळ आपल्याकडचीच रीत नाही. अमेरिकेच्या राजधानीत वॉशिंग्टनच्या नैर्ऋत्य भागातील वस्ती पाडून तेथील जमीन पुनर्विकासासाठी खासगी हातीही देता यावी, यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली बर्मन विरुद्ध पार्कर या खटल्यात मान्यता दिली. त्या वस्तीतील सुमारे ९७.५ टक्के रहिवासी कृष्णवर्णीय होते, अशी नोंद निकालपत्रातच आहे. खटला मात्र एका दुकानाच्या मालकाने लढविला. त्याच निर्णयाचा आधार घेऊन २००५ साली केलो विरुद्ध न्यू लंडन शहर या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरले की, मोडकळीस न आलेली घरेही शहराच्या आर्थिक विकासासाठी घेता येतात. घरे गेली. ज्या औषध कंपनीच्या शेजारामुळे ही सारी योजना आखली होती, तिने २००९ साली ते शहर सोडण्याचे जाहीर केले आणि घेतलेली जमीन कित्येक वर्षे ओसाड पडून राहिली. या निकालानंतर अनेक अमेरिकन राज्यांनी आपले कायदे कडक केले. वचन दिलेला विकास झालाच नाही तर काय, याचे उत्तर आधीच लिहून घ्यावे लागते, हा त्यातील धडा.

आक्षेप आणि उत्तर

यावर कोणी म्हणेल, इतक्या अटी घातल्या तर विकासक येणारच नाही आणि लोक झोपडीतच राहतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पालिकांजवळ पैसा नाही हे खरे आहे, आणि खासगी भांडवलावाचून सर्व घरे बांधली जातील असेही मी म्हणत नाही. परंतु अटींनी पळतो तो विकासक नव्हे, सवलतीचा व्यापारी होय. ज्यास खरोखर बांधावयाचे आहे, त्यास उघड निविदा, लिहिलेली मुदत आणि नोंदलेला करार यांचा लाभच होतो, कारण मग त्याची योजना न्यायालयात अडकत नाही. रखडण्याचे कारण पुष्कळदा कायदा नसतो, कायदा टाळण्याची घाई असते.

पाच कागद

म्हणून वस्तीत एखादा प्रकल्प येईल तेव्हा घोषणा देण्यापूर्वी पाच कागद हाती घ्यावेत. पहिला, सभागृहाचा अथवा प्राधिकरणाचा ठराव आणि त्यात नमूद केलेले कलम. दुसरा, जमिनीचे मूल्यांकन आणि प्रत्यक्ष आकारलेले अधिमूल्य. तिसरा, जाहिरात अथवा हरकतीची नोटीस, तारखेसह. चौथा, विकासकाशी झालेला करार, ज्यात मुदत, घराचे क्षेत्रफळ, संक्रमण काळातील भाडे आणि काम न झाल्यास उपाय लिहिलेला असेल. पाचवा, पात्र आणि अपात्र रहिवाशांची यादी. सार्वजनिक कार्यालयाकडील कागद माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे मागता येतात आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जास वकील लागत नाही. साक्षर मुलगा अथवा मुलगी पुरते.

अनुच्छेद ३९(ब) सांगतो की, समाजाच्या भौतिक साधनांची वाटणी सर्वांच्या हितास पोषक अशी व्हावी. प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने ठरविले. परंतु पालिकेची जमीन, रस्ता, पाणी आणि नियमाने निर्माण केलेला बांधकामाचा हक्क ही समाजाची साधने आहेत याविषयी कोणास शंका असू नये. त्यातून जी सवलत दिली जाते ती आपली आहे. आपल्याच वस्तूचा हिशेब मागण्यात उपकाराचा भाव नको आणि भीतीही नको. ज्या समाजाने पाण्याच्या एका ओंजळीसाठी सार्वजनिक तळ्यावरील आपला हक्क सिद्ध केला, त्याने सार्वजनिक जमिनीवरील हक्क कोऱ्या कागदावरील अंगठ्याने घालवू नये. सही करण्यापूर्वी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि प्रत हाती आल्यावाचून उठू नका.